माइंडफुलनेस शिकवा, पण ड्युटीच्या वेळेत

आरोग्य कर्मचाऱ्यांना माइंडफुलनेसचं, म्हणजे या क्षणी आपल्या आत काय चाललंय याकडे शांतपणे लक्ष देण्याच्या सरावाचं, प्रशिक्षण द्यावं का, या प्रश्नाला माझं उत्तर सरळ 'हो' असं आहे. त्याच्या पुढचा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. हे प्रशिक्षण कुणाच्या वेळेतून द्यायचं? कळव्याच्या किंवा तुर्भ्याच्या नागरी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने ते रविवारी घरी मोबाइलवर बघायचं, की तिला ओपीडीतून दोन तास मोकळं करून द्यायचं? बाकीचं बरंचसं या एका गोष्टीवर ठरतं असं माझं मत आहे. ते का, हे कळायला आधी हे प्रकरण नेमकं काय आहे ते समजून घ्यावं लागेल.

प्राथमिक आरोग्य सेवा म्हटलं की डोळ्यांसमोर डॉक्टर येतो. पण या सेवेचं बहुतेक काम डॉक्टरच्या खोलीबाहेर चालतं. एएनएम, म्हणजे आपल्या सिस्टर. तापाचे पेशंट शोधत घरोघर फिरणारे एमपीडब्ल्यू. फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन, उपकेंद्रावरचे सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, आणि वस्तीतल्या आशाताई. सरकारी निकषाप्रमाणे ग्रामीण सपाट भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात २०,००० मागे एक, आणि शहरात साधारण ५०,००० मागे एक नागरी केंद्र असतं. गावात १,००० लोकांमागे एक आशा. ठाणे जिल्ह्यात यातले सगळे प्रकार शेजारी शेजारी नांदतात. मुंब्र्यात एका इमारतीत जेवढी कुटुंबं राहतात, तेवढी भेटायला शहापूर-मुरबाडच्या आशाताईला तीन पाडे चालावे लागतात.

कामही एका जातीचं नसतं. दवाखान्यात बाळ जन्मलं की पुढे आशाताईने त्याला घरी जाऊन सहा वेळा बघायचं असतं: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सिस्टरकडे गरोदर बायांची तपासणी, लसीकरण, कुटुंब नियोजन. तिशी ओलांडलेल्यांची शुगर-बीपीची तपासणी वेगळी. पावसाळा लागला की डेंग्यू, मलेरिया, लेप्टो. आणि हे सगळं झाल्यावर एन्ट्री: गरोदर मातांची एका पोर्टलवर, क्षयरोगाच्या पेशंटची निक्षयवर, लसींची यू-विनवर, बीपी-शुगरची चौथ्या ठिकाणी. सर्व्हर डाउन असला तर तेच काम रात्री घरी. दुपारी दोन वाजता ओपीडी बंद होते हे पेशंटचं वेळापत्रक आहे, सिस्टरचं नाही.

थकवा आणि त्याच्या पुढचं

दिवसभर राबल्यावर येणारा थकवा झोपेने जातो. बर्नआउट झोपेने जात नाही. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसतज्ज्ञ मोफत दवाखान्यात काम करत होते. तिथल्या स्वयंसेवकांची अवस्था पाहून त्यांनी १९७४ मध्ये याबद्दल लिहिलं. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये ते मोजायची प्रश्नावली तयार केली. आजही जगभरचे बहुतेक अभ्यास तीच वापरतात.

या प्रश्नावलीत तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, भावनिक रितेपणा. सकाळी उठल्या उठल्याच वाटतं की आज कुणाला देण्यासारखं आपल्यात काही उरलेलं नाही. दुसरी, माणसांपासून तुटलेपण. समोरची बाई बाई राहत नाही, 'सात महिन्यांची हाय रिस्क' होते. तिने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की चीड येते, आणि आपण असे का वागलो याचं वाईटही वाटेनासं होतं. तिसरी, आपल्या कामाने काही फरक पडत नाही ही भावना. ही तिसरी मला सगळ्यात घातक वाटते. कारण प्राथमिक सेवेचं यश दिसत नाही. लस टोचलेल्या बाळाला गोवर झाला नाही, याची बातमी कुठे येते? वेळेवर पाठवलेली गरोदर बाई बाळाला घेऊन घरी आली, की ती मोठ्या रुग्णालयाचे आभार मानते. उपकेंद्राच्या वाट्याला येतात ती न गाठलेली टार्गेटं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, बर्नआउटची नोंद केली. पण आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. कामाच्या ठिकाणचा जुनाट ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी अवस्था, असं तिचं वर्णन आहे. हा भेद मी मुद्दाम सांगतेय. आजार म्हटलं की उपचार माणसावर होतात. कामाशी निगडित अवस्था म्हटलं की कामाकडेही बघावं लागतं.

ठाण्यात याला आणखी एक पदर आहे. इथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. 'याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य निम्म्या महाराष्ट्रात कुणाच्या तरी डोक्याची टवाळी करायला वापरतात. मग ठाण्यातच नोकरी करणाऱ्या सिस्टरने 'मला मानसिक आरोग्याच्या सत्राला जायचंय' असं कसं म्हणावं? म्हणूनच प्रशिक्षणाच्या परिपत्रकात 'मानसिक' हा शब्द दिसला की अनेकजणी आधी विचारतात, 'आमचं नाव कुणी दिलं?' रोज इतरांना डिप्रेशनची लक्षणं समजावून सांगणारी माणसंच स्वतःबद्दल बोलायला घाबरतात. यात त्यांची चूक काही नाही. ही भीती गृहीत धरूनच प्रशिक्षण आखायला हवं.

माइंडफुलनेसमध्ये नेमकं करतात काय

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात एक अभ्यासक्रम सुरू केला. जुनाट दुखण्यांनी त्रासलेले, औषधांनी पुरेसा उतार न पडलेले पेशंट तिथे यायचे. आठ आठवडे, दर आठवड्याला साधारण अडीच तासांचं सत्र, मध्ये एक पूर्ण दिवस शांततेचा, आणि घरी रोज ४५ मिनिटांचा सराव. कबाट-झिन यांनी झेन, विपश्यना आणि हठयोग या तिन्हींतून घेतलं, धर्माचा भाग बाजूला ठेवला आणि दवाखान्यात चालेल अशी बांधणी केली.

आपल्याकडे हे ऐकल्यावर कुणी तरी म्हणतंच, 'मग ही विपश्यनाच की!' नातं आहेच. कसारा घाट चढून गेलं की इगतपुरी, आणि तिथे सत्यनारायण गोएंका यांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं धम्मगिरी. ठाणे, कल्याण, नवी मुंबईतल्या कितीतरी घरांमधून कुणी ना कुणी तिथे दहा दिवस राहून आलेलं असतं. बौद्ध कुटुंबांत तर हा सराव घरचाच. फरक आहे तो हेतूचा आणि आकाराचा. विपश्यना हा जगण्याचा मार्ग म्हणून शिकवतात, दहा दिवस मौनात, सगळं सोडून. कबाट-झिन यांचा अभ्यासक्रम नोकरी करता करता, आठवड्यातून एकदा येऊन करायचा. ज्यांना विपश्यना येते त्यांना यात नवं थोडंच सापडेल, आणि ते चांगलंच आहे. केंद्रात एक जरी अशी ताई असली तरी बाकीच्यांचा धीर वाढतो.

सरावात काय करतात ते ऐकायला अगदी साधं आहे. खुर्चीत बसायचं. श्वास येतोय-जातोय, तिकडे लक्ष द्यायचं. काही क्षणांत मन निघून जातं: आधार लिंक झालं नाही, मुलीची फी भरायचीय, काल मॅडम मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलल्या. मन गेलं हे ध्यानात आलं की स्वतःवर न चिडता परत श्वासाकडे यायचं. पुन्हा जातं, पुन्हा आणायचं. बऱ्याचजणी पहिल्या आठवड्यातच सांगतात, 'मला जमत नाही, मन सारखं पळतं.' पण मन पळालं हे ज्या क्षणी कळलं, तोच सराव. मन रिकामं करायचं नसतंच. २०१० मध्ये हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २,२५० माणसांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं, 'आत्ता तुमचं मन कुठे आहे?' जवळजवळ ४७ टक्के वेळा ते हातातल्या कामाखेरीज दुसरीकडेच होतं. तेव्हा मन पळणं हा कुणा एकीचा दोष नाही.

बसून श्वास पाहण्याखेरीज पायापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष देत जाणं, सावकाश चालणं, हलकी आसनं, हेही असतं. आणि एक भाग बोलण्या-ऐकण्याचा: समोरचा बोलत असताना आपण ऐकतोय की उत्तराची जुळवाजुळव करतोय, हे पाहायचं.

याचा ओपीडीत उपयोग काय? समजा दुपारचा दीड वाजलाय. पाय भरून आलेत. केसपेपर बंद झाल्यावर आलेला एक नातेवाईक ओरडतोय, 'आम्ही काय मूर्ख म्हणून उभे आहोत का?' सिस्टरचा जबडा आवळतो, कानशिलं तापतात, आणि एक जहाल वाक्य ओठांवर येतं. सराव नसताना हे सगळं एका झपाट्यात होतं आणि वाक्य बोलून झाल्यावर कळतं. सराव असला की कानशिलं तापलेली आधी कळतात. मध्ये एखाद-दुसरा सेकंद मिळतो. त्या सेकंदात ती खालच्या आवाजात म्हणू शकते, 'दादा, केसपेपर बंद झालाय, पण ताप असेल तर बसा, मी सरांना विचारते.' किंवा ठामपणे नाहीही म्हणू शकते. गप्प बसून सहन करणं कुणी शिकवत नाही. उत्तर आपण निवडून द्यायचं, एवढंच.

शरीरात जे घडतं त्याचं स्पष्टीकरण फार अवघड नाही. धोका जाणवला की आपली सिम्पथेटिक मज्जासंस्था हृदयाचे ठोके वाढवते, स्नायू ताठ करते. श्वास सोडताना, विशेषतः सावकाश सोडताना, व्हेगस नावाच्या नसेचा प्रभाव वाढतो आणि ठोके मंदावतात. पण श्वासाची युक्ती हा त्यातला थोडाच भाग. खरी कमाई आहे ती आपल्या आत काय चाललंय हे वेळेवर कळण्याची.

प्रत्येक आरोग्य केंद्रात लसी ठेवायचा आयएलआर फ्रिज असतो, आणि त्यातलं तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहितात. ते २ ते ८ अंशांच्या मध्ये राहायला हवं. माइंडफुलनेस हे त्या थर्मामीटरसारखं आहे. पारा चढायला लागला की वेळेत समजतं, आणि वेळेत समजलं तर लसी वाचवता येतात. पण वीजच गेली असेल तर थर्मामीटर फ्रिज थंड करू शकत नाही.

अभ्यास काय सांगतात

प्राथमिक सेवेतल्या माणसांवर थेट झालेले अभ्यास आहेत, आणि ते आशा वाटावी असे आहेत. अमेरिकेत रोचेस्टर इथे ७० प्राथमिक सेवेतल्या डॉक्टरांनी एक वर्षभर असा कार्यक्रम केला. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. बर्नआउट कमी झाला, पेशंटबद्दलची आस्था वाढली, आणि हा फरक कार्यक्रम संपल्यावरही काही महिने टिकला. कमतरता अशी की तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि डॉक्टर स्वतःहून आलेले होते. स्पेनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तुलनेचा गट होता. प्राथमिक आरोग्य सेवेतले ६८ कर्मचारी, आठ आठवडे. तिथेही मनःस्थिती सुधारली, बर्नआउट उतरला. अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिनमध्ये ३० जणांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम कापून सुमारे १८ तासांवर आणला, कारण डॉक्टरांना वेळ नव्हता. त्याचा परिणाम नऊ महिन्यांनंतरही दिसला. गट लहान आहेत, हे लक्षात ठेवावं.

मोठं चित्र पाहिलं तर आकडे विनम्र होतात. २०१४ मध्ये ध्यानाच्या ४७ चाचण्या आणि ३,५१५ माणसांचा एकत्रित आढावा घेतला गेला. चिंता, नैराश्य आणि वेदना थोड्या ते मध्यम प्रमाणात कमी होतात, असं त्यात दिसलं. व्यायामासारख्या दुसऱ्या उपायांपेक्षा ध्यान सरस आहे, असं मात्र दिसलं नाही. हे वाचून मला निराश वाटत नाही. ज्या सिस्टरला बसून श्वास बघण्याचा कंटाळा येतो, तिने उपवन तलावाभोवती संध्याकाळी भराभर चालावं; तिचंही भलंच होईल.

मेंदूबद्दलचे दावे तेवढे सावधपणे घ्या. 'आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते' हे वाक्य प्रशिक्षणाच्या स्लाइडवर हमखास असतं. २०२२ मध्ये दोनशेहून अधिक माणसांवर, तुलनेचे गट ठेवून, हे तपासलं गेलं, तेव्हा आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाने मेंदूच्या रचनेत असा काही बदल आढळला नाही. माणसाला बरं वाटतं, हे पुरेसं आहे. त्याला मेंदूच्या रंगीत चित्राचा आधार लागत नाही.

आता ज्या अभ्यासांमुळे मी 'हो, पण' म्हणते, ते. २०१७ च्या एका आढाव्यात डॉक्टरांच्या बर्नआउटवरचे उपाय दोन प्रकारांत विभागून पाहिले: माणसाला बदलणारे आणि कामाची व्यवस्था बदलणारे. एकूण डॉक्टर सुमारे दीड हजार. फायदा दोन्हींचा होता, पण ड्युटीचं वेळापत्रक, कामाचा बोजा, टीमची रचना यांना हात घालणाऱ्या उपायांचा जास्त होता. आणि २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली, तेव्हा माइंडफुलनेसची सत्रं, ॲप, ताणातून सावरायला शिकवणारी प्रशिक्षणं घेतलेले कर्मचारी न घेतलेल्यांपेक्षा सुखी नव्हते. ही एका वेळची पाहणी आहे, चाचणी नाही. त्यामुळे 'उपयोग शून्य' असं त्यातून सिद्ध होत नाही. पण रोचेस्टरच्या डॉक्टरांना झालेला फायदा इथे का दिसला नाही, हा प्रश्न पडतोच.

मला त्याचं एक उत्तर पटतं. रोचेस्टरच्या कार्यक्रमात नुसतं ध्यान नव्हतं. डॉक्टर एकत्र बसून आपापल्या पेशंटच्या गोष्टी सांगत: चुकलेल्या, हातातून निसटलेल्या, कधी छान जमून आलेल्या. बाकीचे ऐकत, सल्ला न देता. एकट्याने कानात हेडफोन घालून ॲप ऐकण्याहून हे फार वेगळं आहे. लंडनमध्ये मायकल बॅलिंट यांनी १९५० च्या दशकात फॅमिली डॉक्टरांचे असेच गट सुरू केले होते, ध्यानाविना. डॉक्टरच्या मनावर पेशंट काय ओझं ठेवून जातो, ते बोलायला जागा हवी, एवढा साधा विचार त्यामागे होता.

ही जागा आपल्याकडे कुठे आहे? आपल्या भागात एखादी बाळंतीण दगावली की माता मृत्यूचं अन्वेषण होतं. ते व्हायलाच हवं. त्यातूनच पुढचे मृत्यू टळतात. पण त्या बैठकीत आशाताई आणि सिस्टर उभ्या असतात त्या उत्तरं द्यायला. नोंदणी कधी केली, हिमोग्लोबिन किती होतं, १०८ ला फोन किती वाजता केला. जिच्या घरी नऊ महिने जाणं-येणं होतं, जिच्या डोहाळजेवणाला आपण ओटी भरली, ती गेली, याचं काय, हे त्या रजिस्टरच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. आशाताई आणि सिस्टरांच्या गटांबरोबर मी बसते तेव्हा हेच सगळ्यात आधी बाहेर येतं. एक आशाताई म्हणाली होती, 'मॅडम, मला रडायचं होतं, पण रिपोर्ट द्यायचा होता.' अशा वेळी तिला 'श्वासाकडे लक्ष द्या' म्हणणं मला जमत नाही. तिला आधी कुणीतरी ऐकावं लागतं. सराव नंतर, मदत करतो तो तेव्हा.

वेळेचा हिशेब

कबाट-झिन यांच्या मूळ अभ्यासक्रमाचे तास मोजू. आठ सत्रं गुणिले अडीच तास, म्हणजे २०. एका पूर्ण दिवसाचे सात धरले तर २७. आता घरचा सराव: रोज ४५ मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे साडेचार तास, आठ आठवड्यांचे ३६. वर्गापेक्षा घरचे तास जास्त आहेत! बदलापूरहून सकाळची लोकल पकडून ठाण्याला येणारी, संध्याकाळी परत जाऊन स्वयंपाकाला लागणारी सिस्टर हे ३६ तास आणणार कुठून? तिच्या झोपेतून. झोप कमी करून ताण कमी करायचा, हे गणित बसत नाही.

कायम नोकरीतल्या सरकारी कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजा मिळण्याची सोय राज्यात बऱ्याच वर्षांपासून आहे. ती चांगलीच. पण प्राथमिक सेवेतले कितीतरीजण कंत्राटी आहेत, आणि आशाताई तर कागदोपत्री स्वयंसेविका. त्यांना मिळतो मानधन आणि कामावर आधारित मोबदला. ज्या दिवशी फिरल्या नाहीत, त्या दिवशीचं काम साचतं, आणि काही कामांचे पैसेही जातात. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पातळीवर गौरव केला. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच, फेब्रुवारी २०२४ मध्ये, वाढीव मानधनाचा लेखी निर्णय मागत आशाताई शहापूरहून ठाण्यापर्यंत पायी चालत आल्या. त्यांच्या ताणाचं कारण त्यांनी स्वतःच इतकं स्पष्ट सांगितलं असताना, त्यांना फक्त डोळे मिटायला शिकवणं अपमानाचं होईल. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची कामाच्या जागेवरील मानसिक आरोग्याची मार्गदर्शक तत्त्वंही दोन्ही मांडतात: कामाच्या रचनेत सुधारणा, आणि त्याबरोबर माणसाला अशी कौशल्यं. एकाच्या बदल्यात दुसरं नव्हे.

मग ड्युटीतच काय बसू शकेल? काही जागा कामातच दडलेल्या आहेत. रक्तदाब मोजण्याआधी पेशंटला पाच मिनिटं शांत बसवायचं आणि मोजताना कुणी बोलायचं नाही, असा नियम आहे. गर्दीत तो पाळला जात नाही, आणि मग बीपी खोटं वाढलेलं दिसतं. दोन-दोन पेशंट आधीच बाकावर बसवून ठेवले आणि मोजताना सिस्टरही खरोखर गप्प राहिली, आपल्या पायांचा जमिनीला होणारा स्पर्श तेवढा पाहिला, तर पेशंटचा आकडा खरा येतो आणि तिलाही अर्धा-एक मिनिट मिळतं. हात धुणं हे तसंच. साबण-पाण्याने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, आणि ते दिवसातून कितीतरी वेळा करायचंच असतं. त्या वेळात गेलेल्या पेशंटला मनातून जाऊ द्यायचं आणि मग पुढच्याला हाक मारायची. लस दिल्यावर बाळाला अर्धा तास थांबवतात. त्या अर्ध्या तासात सिस्टरला उसंत नसते हे मला माहीत आहे, पण एका आईचं बोलणं मध्ये न तोडता दोन मिनिटं ऐकून घेणं हाही सरावच आहे. फिरतीवरच्या एमपीडब्ल्यूला जिना चढताना पावलांकडे लक्ष देता येतं. यातलं काहीच आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाची जागा घेत नाही. एकदा नीट शिकलेलं टिकवायला मात्र हे पुरतं.

काहींनी जपून करावं. मोठा धक्का किंवा हिंसा सोसलेल्यांना, तीव्र नैराश्यात असलेल्यांना, पॅनिकचे झटके येणाऱ्यांना डोळे मिटून आत बघताना त्रास वाढू शकतो. जुने प्रसंग अंगावर येतात. अशांनी डोळे उघडे ठेवावेत, श्वासाऐवजी बाहेरचे आवाज किंवा पायाखालची जमीन यांकडे लक्ष द्यावं, आणि नको वाटलं तर सरळ थांबावं. शिकवणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो शिकवायला अजून तयार नाही. दोन आठवडे झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर माइंडफुलनेसची वाट बघू नये. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, फोन मोफत, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. आरोग्य केंद्रातल्या भिंतीवर पेशंटसाठी लावलेला हा क्रमांक कर्मचाऱ्यांसाठीही आहे. तिथे फोन करताना आपली नोकरी सांगायची गरज नाही.

एखाद्या मेडिकल ऑफिसरला आपल्या केंद्रात हे सुरू करायचं असेल, तर महिन्याची बैठक हीच जागा आहे. सिस्टर, एमपीडब्ल्यू, आशाताई त्या दिवशी येतातच. टार्गेटचा आढावा सुरू व्हायच्या आधीचा पहिला अर्धा तास यासाठी ठेवावा. शेवटी ठेवला तर तो आढाव्यात जातो आणि आशाताईंची एसटी चुकते. दहा मिनिटं शांत बसणं, वीस मिनिटं ज्याला बोलायचंय त्याने बोलणं. मराठीत, खुर्च्या गोल मांडून. डॉक्टरांनीही त्याच गोलात बसावं, आणि इथे बोललेलं आढाव्यात काढायचं नाही हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगावं. ज्याला डोळे मिटायचे नाहीत त्याने मिटू नयेत, ज्याला बोलायचं नाही त्याने बोलू नये. याची हजेरी वेगळी घेऊ नये, आणि फोटो ग्रुपवर टाकायला लावू नये.